शेवटच्या उपायाचे पहिले धडे : प्रस्तावना

स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाचा किंवा रिव्हॉल्व्हरचा परवाना घेणाऱ्यांत सराफ असतात, गुळाचे आणि कापडाचे व्यापारी असतात, पेट्रोल पंपाचे मालक, ठेकेदार आणि निवृत्त फौजीही असतात. परवान्यासाठी ही माणसे जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घालतात, पोलीस ठाण्याच्या चौकशीला सामोरी जातात, महिनोन्‌महिने थांबतात. शस्त्र एकदा घरी आले की मात्र शिकणे थांबते. पाडव्याला बाहेर काढायचे, पुसायचे, नवरात्रात पूजेला मांडायचे आणि पुन्हा कपाटात ठेवायचे, एवढाच त्याच्याशी संबंध उरतो. दुकानात कोणी पिस्तूल रोखून उभा राहील तेव्हा हेच शस्त्र आपल्याला वाचवील, असा एक विश्वास मनात असतो. त्या विश्वासाला सरावाचा आधार नसतो. ही पुस्तिका अशा माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी लिहिली आहे.

तिचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. दरोड्याच्या वेळी शस्त्र माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे. माल वाचवण्यासाठी ते बाहेर काढू नये. आणि केव्हा काढायचे नाही हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्यानेच ते जवळ बाळगावे. पुढचे सगळे धडे या दोन गोष्टींभोवती रचले आहेत.

हा विषय कोल्हापूरला परका नाही. जून २०२३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या सगळ्या सराफ पेठा हादरल्या. पहिली सांगलीतली. पोलीस असल्याची बतावणी करून काही जण दागिन्यांच्या मोठ्या दालनात शिरले आणि पिस्तुलाच्या धाकाने त्यांनी दुकान लुटले. दुसरी कोल्हापूर–गगनबावडा रस्त्यावरच्या बालिंगा गावातली. भरदिवसा सराफी दुकानात गोळीबार झाला, माणसे जखमी झाली आणि दरोडेखोर सोने घेऊन मोटारसायकलींवरून पसार झाले. असे काही घडले की कोल्हापूरच्या गुजरी या सराफ पेठेपासून हुपरीपर्यंत एकच बोलणे सुरू होते : आता आपल्याकडेही हत्यार पाहिजे. ही मागणी साहजिक आहे, तिला कोणी नावे ठेवू नयेत. हुपरीचा चांदीवाला माल घेऊन रात्री-बेरात्री प्रवास करतो. विटा-आटपाडीकडचे गलाई बांधव तामिळनाडूपासून पंजाबपर्यंत परमुलखात सोने-चांदी आटवून पोट भरतात. जोखीम अंगावर घेऊनच ही माणसे धंदा करतात. त्यांची भीती खरी आहे, म्हणूनच त्यांना द्यायचे उत्तरही खरे असले पाहिजे.

खरे उत्तर असे की, समोरच्याने पिस्तूल आधीच रोखलेले असेल तर आपले पिस्तूल बाहेर काढून त्याला हरवणे जवळजवळ अशक्य असते. वेळ त्याने निवडलेली असते, जागा त्याने हेरून ठेवलेली असते, साथीदार कुठे उभा आहे हे त्यालाच माहीत असते. आपले शस्त्र गल्ल्याखाली, कमरेला किंवा खणात असते. हात तिथवर पोचणे, पकड घेणे, शस्त्र वर आणणे आणि रोखणे, सराव असलेल्या माणसालाही यात दीड-दोन सेकंद सहज जातात. दरोडेखोराला फक्त बोट दाबायचे असते. हातात सुरा असलेल्या माणसाचेही असेच आहे. सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एक साधा हिशेब मांडला होता. धडधाकट माणूस एकवीस फुटांचे अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. आता आपल्या दुकानाची लांबी मोजा. गुजरीतल्या कितीतरी पेढ्यांत दारापासून गादीपर्यंत तेवढे अंतरसुद्धा भरत नाही.

त्यात शरीरही साथ सोडते. जिवावर बेतले की छातीचे ठोके भरभर वाढतात, बोटांना बारीक काम जमेनासे होते, नजर समोरच्या नळीवर खिळते आणि आजूबाजूचे काही दिसत नाही. कान बधिर होतात, क्षण लांबल्यासारखा वाटतो. हे भित्रेपणाचे लक्षण नाही. फौजेत वर्षे काढलेल्या माणसालाही हेच होते. फरक एवढाच की, त्याच्या हातांना काय करायचे ते आधीच ठाऊक असते. डोके सुन्न झाले तरी हात सवयीने चालतात, आणि ती सवय दरोड्याच्या दिवशी लागत नसते.

सवय कशी लावायची, हे कोल्हापूरकरांनी बाहेरून शिकून येण्याची गरज नाही. नेमबाजी या जिल्ह्याला नवी नाही. तेजस्विनी सावंत यांनी येथे जयसिंग कुसाळे यांच्या हाताखाली सुरुवात केली आणि २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेतेपद पटकावले. राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक पटकावले. दुधाळीच्या रेंजवर सराव करून मोठी झालेली खेळाडू मंडळी या शहराने जवळून पाहिली आहेत.

राही सरनोबत यांचा प्रकार नीट पाहण्यासारखा आहे. त्यातल्या वेगाच्या टप्प्यात नेमबाज हात पंचेचाळीस अंशांत खाली धरून उभा राहतो. हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात उचलायचा, नेम धरायचा आणि एक गोळी सोडायची. मग सात सेकंद थांबायचे, आणि पुन्हा तेच, पाच वेळा. हे तीन सेकंद कमावण्यासाठी खेळाडू हजारो वेळा हात उचलतो. तेही शांत रेंजवर, जिथे दिवा कधी लागणार याची कल्पना असते, लक्ष्य हलत नाही, उलटून गोळी येत नाही आणि लक्ष्यामागे मातीचा भराव असतो. दुकानात यातले काहीच नसते. जागतिक दर्जाच्या खेळाडूला तीन सेकंदांसाठी एवढी तपश्चर्या करावी लागते, तर वर्षातून एकदा शस्त्र पुसणाऱ्याने स्वतःच्या हाताची खात्री कशाच्या जोरावर द्यावी?

रेंजवरून घेण्याजोगी मोठी गोष्ट नेमाच्या आधीची आहे. हुकूम झाल्याशिवाय तिथे कोणी शस्त्राला हात लावत नाही. ‘स्टॉप’ म्हटले की सगळे थांबतात. ‘अनलोड’ म्हटले की शस्त्र रिकामे करून, चेंबरमध्ये रंगीत सुरक्षादोरी घालून ते खाली ठेवतात. पुढे कोणी गेले असेल तर मागे कोणी शस्त्र हाताळत नाही. पदकविजेत्यालाही यातून सूट नसते. आपल्या मर्दानी खेळाच्या आखाड्यांतही हीच शिस्त आहे. लाठी, दांडपट्टा, तलवार ही हत्यारे पोराच्या हातात देण्याआधी वस्ताद पवित्रा घोटून घेतात आणि जोडीदाराला इजा न करता हात कसा फिरवायचा ते आधी शिकवतात.

बंदुकीच्या बाबतीत मात्र ही परंपरा आपल्याकडे तुटली, आणि त्याला इतिहास आहे. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीच्या शिपायांनी उठाव केला. इंग्रजांनी तो मोडला, पलटणीची हत्यारे काढून घेतली आणि पुढे कोल्हापूरच्या राजघराण्यातल्या चिमासाहेब महाराजांना कराचीला नेऊन ठेवले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तर देशभर सामान्य माणसाच्या हातातली बंदूक परवान्याच्या आड गेली. लाठी आणि पट्टा तालमींनी जपला. बंदुकीचे ज्ञान फौज, पोलीस आणि शिकारखान्यापुरते उरले. रानडुकरे आणि गवे हाकलण्यासाठी ज्यांनी शेती संरक्षणाच्या बंदुका ठेवल्या, त्यांच्या घरांत थोडे टिकले. बाकीच्यांना पिस्तूल भेटले ते सिनेमात, आणि तिथे नायक बोट चापावर ठेवूनच धावतो.

म्हणून पहिला धडा हाताळणीचा आहे. अमेरिकेतले कर्नल जेफ कूपर यांनी १९७६ मध्ये ॲरिझोना राज्यात पिस्तुलाचे शिक्षण देणारी शाळा काढली. त्यांनी रूढ केलेले चार नियम आज जगभर शिकवले जातात. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजून वागा. ज्याचा नाश व्हावा असे वाटत नाही, त्याच्याकडे नळी कधीही वळवू नका. नेम लक्ष्यावर बसेपर्यंत बोट चापाबाहेर, सरळ, शस्त्राच्या अंगाला टेकलेले ठेवा. लक्ष्य काय आहे आणि त्याच्यामागे काय आहे, याची खात्री करा. एक नियम चुकून मोडला तरी उरलेले तीन माणूस वाचवतात. अपघात होतो तो एकाच वेळी दोन-तीन मोडल्यावर.

पिस्तूल रिकामे करण्याची कृती उदाहरण म्हणून जवळून पाहू. नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर. आधी मॅगझिन काढून बाजूला ठेवायचे. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि ‘रिकामे आहे’ म्हणतात. पण एक काडतूस आधीच चेंबरमध्ये चढलेले असू शकते आणि मॅगझिन काढल्याने ते बाहेर येत नाही. म्हणून त्यानंतर स्लाइड पूर्ण मागे ओढायची, आतले काडतूस बाहेर पडू द्यायचे, स्लाइड मागे अडकवायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचे आणि करंगळीचे टोक घालून चाचपायचे. हा क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझिन आत असतानाच स्लाइड ओढली, तर आतले काडतूस पडते आणि स्लाइड पुढे जाताना दुसरे चढवते. माणूस पडलेले काडतूस पाहून निश्चिंत होतो, चाप दाबून बघतो आणि गोळी सुटते. ‘रिकाम्या’ पिस्तुलाने झालेल्या कितीतरी अपघातांचे मूळ या एका उलट्या क्रमात आहे. रिव्हॉल्व्हरचे काम सोपे वाटते. सिलिंडर बाहेर काढून सगळी घरे मोकळी दिसली की झाले. पण तेही प्रत्येक वेळी करायचे, दुसऱ्याने ‘रिकामे आहे’ म्हणून हातात दिले तरीही.

हातातून शस्त्र निसटले तर ते झेलायला जाऊ नये. घाईत बोट नेमके चापात अडकते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. ते शस्त्र ठेवत असताना हे घडले, असे तेव्हा सांगण्यात आले. तिथे ना दरोडा होता ना शत्रू. जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालीच काडतूस असले आणि घोड्यावर मार बसला तर गोळी सुटू शकते. म्हणून जुने जाणकार ते एक घर मोकळे ठेवत. घरात शस्त्र ठेवायचे तर कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा. घरात कोणी दारूच्या आहारी गेला असेल, कोणी खोल निराशेत असेल, भावाभावांत हातघाईपर्यंत वाद गेला असेल, तर शस्त्र घरात ठेवूच नये. परवाना असला तरी ते जमा करता येते. दरोडेखोर येईल की नाही सांगता येत नाही. हा धोका मात्र रोज त्याच छपराखाली झोपतो.

दुसरा धडा कायद्याचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आत्मसंरक्षणाचा हक्क आता तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जुन्या कायद्यात तो ९६ ते १०६ मध्ये होता. प्राण जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव जाईल इथपर्यंत बचाव करता येतो, असे कलम ३८ सांगते. कलम ४१ जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी अशा प्रसंगी मालमत्तेच्या रक्षणासाठीही तेवढाच अधिकार देते. पुष्कळ जण इथवर वाचून पुस्तक मिटतात. कलम ३७ त्यांनी वाचलेले नसते. बचावासाठी जेवढी गरज आहे त्याहून जास्त इजा करता येणार नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्कच नाही, असे ते बजावते. कलम ४३ प्रमाणे जबरी चोरीतला हा हक्क दरोडेखोर मारहाण करतो आहे, अडवून ठेवतो आहे किंवा तत्काळ मृत्यूची, इजेची भीती आहे, तोवरच चालतो. पिशवी घेऊन मोटारसायकलवर बसलेल्या माणसाच्या पाठीवर गोळी झाडली, तर बचाव करणारा स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो.

दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली. प्राणसंकटात सापडलेल्या माणसाने आपला प्रतिकार तराजूत तोलून करावा, अशी अपेक्षा नाही, आणि हा हक्क सूड उगवण्यासाठीही नाही, असे त्यांचे सार. कायदा समजूतदार आहे. पण तो समजूतदारपणा वाट्याला येईपर्यंत तपास, जामीन आणि खटल्याच्या तारखा असतात. म्हणूनच कायदा मालासाठी जितकी मोकळीक देतो, तितकी आपण घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो. सोन्याचा विमा उतरवता येतो. गादीवर बसलेल्या पोराचा, दागिने बघायला आलेल्या लेकीबाळींचा, रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाचा जीव भरून देता येत नाही. पिस्तुलाची गोळी काच आणि प्लायवूड सहज भेदते. गुजरीसारख्या अरुंद रस्त्यात दरोडेखोराच्या मागे भराव नसतो, माणसे असतात.

परवान्याचे नियमही याच धड्यात आहेत. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रे आणि परवान्याची मुदत पाच वर्षे, असे ठरले. लग्न-वरातीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र अर्जासोबत लागते. ते केवळ कागद म्हणून मिळवू नका, शिकून मिळवा. आपल्या भागातल्या लोकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी : परवाना महाराष्ट्रापुरता असेल, तर कागलच्या पुढे कोगनोळी नाका ओलांडून निपाणीला शस्त्र नेणे गुन्हा आहे. बेळगाव-संकेश्वरकडे उधारी वसूल करायला रोज जाणाऱ्याच्या हे ध्यानात राहत नाही, कारण मनाने त्याने हद्द कधी मानलेलीच नसते. आणि परवाना मिळत नाही म्हणून गावठी कट्टा घेणारा माणूस दुहेरी खड्ड्यात पडतो. ते शस्त्र हातातच फुटू शकते, आणि जीव वाचला तरी तुरुंग चुकत नाही.

तिसरा धडा दरोड्याआधीचा, चौथा प्रत्यक्ष त्या मिनिटांचा, पाचवा नंतरचा. दरोड्याआधीच्या धड्यात पिस्तूल फारसे नाही. दिवसाचा माल किती बाहेर मांडायचा, तिजोरी उघडताना दुकानात कोण असावे, धोक्याची घंटा पायाने दाबता येते का, मागचा दरवाजा आतून उघडतो का, पोलीस म्हणून आलेल्याची ओळख ठाण्यात फोन करून कशी तपासायची, चांदी नेताना वाट आणि वेळ कशी बदलायची, हे त्यात आहे. त्या मिनिटांच्या धड्याचा गाभा असा : हात दिसू द्या, अचानक हालचाल करू नका, मागितलेले द्या, नोकरांना आधीच ठरवून दिलेला शब्द उच्चारा, चेहऱ्यापेक्षा बोलणे, चाल आणि बूट लक्षात ठेवा. माल मिळूनही दरोडेखोर माणसे मारायलाच उठला असेल, लपायला किंवा निसटायला वाट नसेल, आणि त्याच्या मागे निरपराध माणूस नसेल, तेव्हाच शस्त्र काढण्याचा प्रश्न येतो. काढले की दाखवण्यासाठी काढायचे नाही. धमकी म्हणून बाहेर आलेले पिस्तूल समोरच्याला पहिली गोळी झाडायला कारण देते.

नंतरच्या धड्याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते. ११२ वर फोन करा, जागा सांगा, आपल्याकडे शस्त्र आहे आणि आपण कोणते कपडे घातले आहेत तेही सांगा. पोलीस दारात येतील तेव्हा दुकानदार कोण आणि दरोडेखोर कोण, हे त्यांना माहीत नसते. हातात पिस्तूल धरलेला माणूस तेवढा त्यांना दिसतो. म्हणून धोका टळताच शस्त्र खाली ठेवा आणि हात मोकळे दाखवा. पडलेली पुंगळी उचलू नका, काचा झाडू नका. जखमींना मदत करा, त्यात दरोडेखोर असला तरी. आणि पुढचे कित्येक महिने झोप उडाली, हात थरथरले, तर डॉक्टरांकडे जायला लाजू नका.

सराफ संघटना, व्यापारी मंडळे आणि रेंज चालवणाऱ्या संस्था यांना माझी कळकळीची विनंती आहे. परवानाधारकांसाठी वर्षातून दोनदा तरी सुरक्षित हाताळणीचे वर्ग घ्या, आणि त्यांच्या घरच्यांनाही त्यांत बसवा. शस्त्र घरात असते, नुसते मालकाच्या कमरेला नसते. एवढे नेमबाज घडवणाऱ्या गावाला शिकवणाऱ्या माणसांची वाण नाही.

वाचकाने ही पुस्तिका एका बैठकीत वाचून संपवू नये. पहिला धडा शस्त्र हाताळण्याचा आहे. तो जाणकाराच्या देखरेखीखाली रेंजवर हाताला बसेपर्यंत गिरवावा, आणि मगच पान उलटावे.